शेवटच्या दिवसाची खिरापत

“...पण माय, अनुग्रह आज मिळणार की नाही, एवढं तरी सांगा.”

भार्गवशास्त्र्यांनी सकाळपासून हे चौथ्यांदा विचारलं. गोदामाय पितळी डब्यावर फडकं घट्ट बांधत होती.

शास्त्रीबुवांचा जीव टांगणीला लागला होता. चुलत्यांच्या मागे मठाची गादी त्यांच्याकडे आली होती. उद्याच बसायचं होतं, आणि गुरूचा अनुग्रह नसलेल्याला त्या गादीवर बसता येत नाही. वर्षभर मायच्या दारात त्यांनी पाणी भरलं, अंगण झाडलं. माय आपली ढिम्म.

“आज हादगा संपतोय,” ती म्हणाली. “पोरी आल्यात. खिरापत ओळखायला तूही बस. मग बघू.”

अंगणात पाटावर हत्ती मांडून, त्याच्याभोवती फेर धरून सात पोरी दमल्या होत्या. आता खाऊ. पण आधी डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचं, नाहीच आलं तर ‘हरलो’ म्हणायचं. कुणी ओळखेपर्यंत किंवा सगळे हरेपर्यंत डबा उघडत नाही, असा मायचा नियमच होता.

पोरींनी वड्या, करंज्या, शंकरपाळे असं सुचेल ते सांगितलं आणि एका सुरात हरून मोकळ्या झाल्या.

डबा शास्त्र्यांकडे आला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला.

“लाडू आहेत. रव्याचे.”

“नाही.”

“बेसनाचे.”

“नाही.”

त्यांनी फडक्याला नाक लावलं. “तूप आहे... गूळही आहे. म्हणजे डिंकाचे.”

“नाही.”

“मग अळिवाचे. मेथीचे. मुगाचे.”

“नाही, नाही आणि नाही.”

शास्त्री उठले, दोन येरझाऱ्या घातल्या, पुन्हा बसले. न्याय-मीमांसा कोळून प्यायलेला माणूस, आणि अडला कुठं तर खाऊच्या डब्यापाशी. कान तापले त्यांचे.

“शास्त्रीकाका, हरलो म्हणा की,” धाकटी यमी म्हणाली. “म्हटलं की लगेच मिळतं.”

“थांब गं. अगदी जवळ आलोय मी.”

“मघापासून जवळच आहात.”

पोरी फिदीफिदी हसल्या. माय हसली नाही.

शास्त्र्यांनी तो शब्द उभ्या जन्मात उच्चारला नव्हता. आणि आता उच्चारला, तर हरलेल्याला माय अनुग्रह देईल कशावरून? त्यांनी डबा पुन्हा हलवला. आता तर काहीच ऐकू येईना.

यमीनं पोट दाबलं आणि फतकल मारून खालीच बसली.

“जेवली नाहीस?” शास्त्र्यांनी विचारलं.

“खिरापतीसाठी पोट रिकामं ठेवलंय.”

शास्त्री तिच्याकडे बघत राहिले. मग मायकडे. मग खाली मातीकडे...

“हरलो.”

“ऐकू नाही आलं,” पोरी म्हणाल्या.

“हरलो म्हटलं ना बायांनो. हरलो.”

मायनं फडकं सोडलं. आत पोळीचे लाडू होते. कालच्या उरलेल्या पोळ्या कुस्करून, गूळ-तूप घालून वळलेले, घरोघरी पोरांच्या हातावर ठेवतात तेच. शास्त्री अगदी ओशाळले.

मायनं पहिला यमीला दिला. शास्त्र्यांनी हात पुढं केला, तर तिनं त्यांचा लाडू हातावर न ठेवता सरळ तोंडातच कोंबला.

गूळ जिभेवर विरघळला. कित्येक वर्षांत असं कुणी भरवलं नव्हतं, त्यांचे डोळेच भरून आले. पण उद्याची गादी काही डोक्यातून जाईना.

“माय...” भरल्या तोंडानंच ते म्हणाले, “मग... अनुग्रह?”

“आधी तोंडात आहे तो संपव,” माय म्हणाली.