हैबती मिस्त्रीने मुहूर्त अडवला

डोंगराच्या उतारावर एक गाव होते. गाव वर आणि पाणी खाली, ओढ्याकाठच्या विहिरीत. मधे दोनशे पायऱ्या. बायका रोज डोक्यावर हंडे घेऊन त्या चढत. कितीजणींचे गुडघे त्या पायऱ्यांनी खाल्ले, ते कुणी मोजले नाही.

त्याच गावात हैबती नावाचा एक मिस्त्री राहत होता. त्याची शाळा दुसरीत सुटली. पण साखर कारखान्याच्या पंपघरात त्याने सव्वीस वर्षे काढली होती. चालत्या पंपाचा आवाज ऐकून आत काय दुखते आहे ते तो सांगे. म्हातारपणी तो गावी परतला. गावाने विहिरीवर विजेचा पंप बसवायचे ठरवले, तेव्हा तो चालवायचा मान त्यालाच मिळाला. सरपंच दत्ताजीरावांनी भर सभेत पंपघराची किल्ली त्याच्या हातात दिली. आयुष्यभर तो दुसऱ्याच्या हाताखाली राबला होता. ही पहिली किल्ली अशी, की जिच्यासाठी त्याला कुणाला विचारायचे नव्हते. ती करगोट्याला बांधून तो ताठ मानेने हिंडू लागला.

त्या गावाची एक रीत होती. कोणतेही नवे अवजार पूजेशिवाय सुरू होत नसे. सगळ्यांनी पायताणे बाहेर काढायची. अवजारावर तांब्याभर पाणी शिंपडायचे, त्याच्यावरच नारळ फोडायचा, आणि गावातल्या सर्वांत वयस्कर बाईने पहिला हात लावायचा. नांगर असाच सुरू झाला. गुऱ्हाळ असेच सुरू झाले. कुणाचे कधी काही बिघडले नाही. म्हणून पंपही तसाच सुरू होणार होता. पहिला हात ठकूआजीचा होता. तिने त्या पायऱ्या सत्तर वर्षे चढल्या होत्या.

मुहूर्त सकाळी दहा चाळीसचा निघाला. हैबती उजाडताच पंपघरात गेला. पंप बसवणाऱ्या ठेकेदाराची माणसे आदल्या दिवशी काम आटोपून निघून गेली होती. त्याने पायाचे बोल्ट हलवून पाहिले. घट्ट होते. मोटार आणि पंप यांना जोडणाऱ्या फिरत्या भागावर जाळी होती. त्याने पंपात काठोकाठ पाणी भरले, आतली हवा काढली. मग मोटारीच्या अंगापासून निघालेली अर्थिंगची तार धरून तो तिच्या मागे मागे बाहेर आला. भिंतीच्या बाहेर तार मातीत जात होती. त्याने ती ओढली. ती चार बोटे खोल खुपसलेली होती. हातात आली.

अर्थिंगचा खड्डा कुणी खणलाच नव्हता. त्यात पुरायचा तांब्याचा पत्रा पंपघराच्या कोपऱ्यात गोणपाटात तसाच गुंडाळलेला होता.

तोवर नऊ वाजून गेले होते. हैबती सरपंचांकडे गेला. तीन तास द्या, म्हणाला. दत्ताजीराव फेटा बांधत होते. त्यांनी ठेकेदाराला फोन लावला. ठेकेदार म्हणाला, तार जमिनीत आहे, मिस्त्री जुन्या वळणाचा आहे, घाबरतो. सरपंचांनी हैबतीला समजावले. आज पाच मिनिटे चालवू, खड्डा उद्या खणू. हैबती म्हणाला, मग पूजाही उद्या करू. सरपंच रागावले. जेवणाची पाने तीनशे होती. वाजंत्री आली होती.

हैबतीने पाठ फिरवली. तो पंपघरात परत गेला. त्याने मेन स्विच पाडला, तिन्ही फ्यूज काढले, बंडीच्या खिशात घातले आणि पंपघराच्या पायरीवर बसला.

साडेदहाला गाव जमले. मिस्त्री दारात बसलेला पाहून लोकांनी तोंडसुख घेतले. कुणी म्हणाले, मानाचा फेटा त्याला बांधला नाही म्हणून रुसला. कुणी म्हणाले, कारखान्यातून काढलेला माणूस, इथे साहेब झाला. हैबती ऐकत होता. त्याला कारखान्यातून कुणी काढले नव्हते. पण तो उठला नाही.

भटजी घड्याळाकडे पाहू लागले. तेव्हा सरपंचांनी शेजारच्या गावाहून आलेल्या वायरमनला पुढे बोलावले. तो तरुण होता, हुशार होता. फ्यूज नसले तरी तार टाकून मोटार चालू करतो, असे तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हैबतीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"कर," तो म्हणाला. "पण आधी पायातले बूट काढ. हात ओले कर. पंपावर नारळ फोड. मग एक हात पंपावर ठेव आणि दुसऱ्या हाताने बटण दाब. तू हे केलंस, तर मी दारातून उठतो."

वायरमनच्या पायात जाड रबरी बूट होते. तो बुटांकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "काका, बूट कशाला काढायला लावता?"

"मग म्हातारीला अनवाणी का उभी करतोस?"

वायरमनने हातातली तार गुंडाळून पिशवीत ठेवली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

दत्ताजीरावांचा चेहरा लाल झाला. सगळ्या गावासमोर त्यांचा शब्द पडला होता. ते म्हणाले, "मिस्त्री, ऊठ. नाहीतर किल्ली खाली ठेव. पंपावर पुन्हा पाऊल टाकायचं नाही."

हैबतीने करगोट्याची गाठ सोडली. गाठ घट्ट होती, वेळ लागला. त्याने किल्ली पायरीवर ठेवली.

"किल्ली गावाची आहे, घ्या," तो म्हणाला. "फ्यूज मिळणार नाहीत. ते हवे असतील तर मला धरून काढून घ्या. चारजण लागतील."

कुणी पुढे झाले नाही. घड्याळात दहा चाळीस झाले आणि गेलेही.

ठकूआजी खुर्चीवर बसली होती. मातीतून उपटून आलेली ती तार तिच्यासमोरच लोंबत होती. तिने विचारले, ही तार नसली तर काय होते? हैबतीने तिला सांगितले. मोटारीत पाणी गेले किंवा आतली तार कुठे उघडी पडली, तर पंपाच्या लोखंडात वीज येते. तिला जमिनीत उतरायला वाट हवी. ही तार ती वाट आहे. वाट नसेल तर वीज हात लावणाऱ्या माणसातून उतरते. माणूस ओला आणि अनवाणी असेल तर त्याला सोडत नाही.

आजीने सरपंचांकडे पाहिले. "दत्ताजी, माझा मुहूर्त वर ठरलाय. तू मधे लुडबूड करू नकोस."

बायका हसल्या. मग पुरुष हसले. वाजंत्रीवाल्याने ढोल उतरवला आणि कुदळ मागितली.

माणूस उभा बुडेल एवढा खड्डा खणला गेला. त्यात तांब्याचा पत्रा उभा केला. गुऱ्हाळावरून कोळसा आला. स्वयंपाकघरातून मिठाचे पोते आले तेव्हा आचारी भांडला, की जमिनीला मीठ खाऊ घालता, मग पंगतीला काय वाढू? हैबतीने ऐकले नाही. कोळसा, मीठ, पुन्हा कोळसा. मग पाणी आणि माती. पत्र्याला तार बोल्टाने आवळली, दुसरे टोक मोटारीच्या अंगाला आवळले. त्याने ती स्वतः ओढून पाहिली. पाय भिंतीला लावून ओढली. आली नाही.

नारळ बाहेर दगडावर फुटला. पंपाला कोरडे कुंकू लागले, पाण्याचा थेंब नाही. आजीने जन्मात पायताण घातले नव्हते. वायरमनने न सांगता आपले बूट काढून तिच्यापुढे ठेवले. ती ते घालून कोरड्या लाकडी फळीवर उभी राहिली, तेव्हा भटजींनाही हसू आवरले नाही.

हैबतीने फ्यूज बसवले. वर जाणाऱ्या नळाचा व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री केली. मेन स्विच वर केला. आजीने हिरवे बटण दाबले. मोटारीने वेग धरला, तसा त्याने व्हॉल्व्ह हळूहळू उघडला. दुपारी दोन वाजता पाणी डोंगरावरच्या टाकीत पडले. ठिणगी उडाली नाही. कुणाला मुंगीही चावली नाही.

हेच त्याला महागात पडले. दुसऱ्या दिवसापासून लोक म्हणू लागले, काहीच तर झाले नाही. सकाळी चालू केला असता तरी काही झाले नसते. उगीच मुहूर्त घालवला. सरपंचांनी शब्द पाळला. किल्ली आपल्या पुतण्याला, वामनला दिली. हैबती कुणाच्या दारी गेला नाही.

महिना गेला. वामनने एके दिवशी पंपात पाणी न भरताच बटण दाबले. पंप कोरडा फिरला. पाणी गळू नये म्हणून पंपाच्या दांड्याभोवती भरलेली दोरी जळून धूर निघाला आणि पाणी बंद झाले. दोन दिवस बायका पुन्हा पायऱ्या चढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी हैबती बोलावण्याची वाट न पाहता खाली उतरला. त्याने मेन स्विच पाडून फ्यूज काढले. जळालेली दोरी काढून नवी भरली. पंपात पाणी भरले आणि हवा कशी काढायची ते वामनला त्याच्याच हाताने करायला लावले. फ्यूज पुन्हा बसवून घेतले. पंप चालू झाला.

दत्ताजीराव आले होते. त्यांनी वामनकडून किल्ली घेतली. म्हणाले, "घे मिस्त्री. त्या दिवशी माझं चुकलं, एवढं उद्या सभेत म्हण. विषय संपला."

किल्ली समोर होती. हैबतीने तिच्याकडे पाहिले. ती त्याला हवी होती. हे त्याच्या तोंडावर लपले नाही.

"सरपंच," तो म्हणाला, "मी चुकलो म्हणालो, तर हा वामन ऐकेल. उद्या असाच कुणी अनवाणी माणूस बटणापुढे उभा केलात, तर वामन दारात बसणार नाही. म्हणेल, मिस्त्रीसुद्धा शेवटी चुकलाच होता. किल्ली राहू द्या."

त्याने हाताचे तेल फडक्याला पुसले आणि पायऱ्या चढू लागला. दोनशे पायऱ्या. मधे कुठे बसला नाही.

तात्पर्य: टळलेल्या संकटाचा पुरावा कधीच दाखवता येत नाही. म्हणून दुसऱ्याचा जीव ज्याच्या हाती आहे, त्याने मुहूर्तासाठी, मानासाठी किंवा पदासाठी वाकू नये. आणि बरोबर वागल्याबद्दल माफी तर मुळीच मागू नये.