टोरांटो काही लांब नाही

“मुलगा फार लांब असतो, हे तात्यांच्या डोक्यात कुणी भरवलं? तुम्हीच ना?”

गेनूबुवा मठाच्या ओट्यावर चिंचोके काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

निरंजनला आणखीच चीड आली. आई गेल्यापासून त्याच्या वडिलांनी, तात्यांनी, हा मठ धरला होता. आता ते आत खाटेला खिळले होते. पाच वर्षांनी मुलगा दारात उभा राहिला, तर म्हातारा हात जोडून म्हणाला, “एवढ्या लांबून कशाला तसदी घेतलीत?”

घेतलीत! पोटच्या पोराला अहोजाहो! निरंजनच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. बापावर ओरडता येईना, म्हणून तो बुवांवर तुटून पडला.

“तात्या गावात ज्याला त्याला सांगतात, मुलगा लांब असतो. मी काय चंद्रावर राहतो?”

“कुठं ऱ्हातोस?”

“टोरांटोला.”

“लांब हाय?”

“मुळीच नाही!” निरंजनने मोबाइल काढून नकाशा बुवांच्या नाकासमोर धरला. एका टोकाला टोरांटो, दुसऱ्या टोकाला मुंबई, मधे एक वाकडी रेघ. “साडेबारा हजार किलोमीटर. ऐकायला जास्त वाटतं. पण विमानात पंधरा-सोळा तास, बस्स. जेवायचं, झोपायचं, की आलंच.”

“आमच्या हितनं नागपूरला जायला बी तेवढंच लागतं,” बुवा म्हणाले. “म्हंजी जवळच की.”

“तेच तर सांगतोय! मनात आलं की माणूस निघू शकतो.”

बुवांचा हात थांबला.

“मनात आलं की?”

“हो.”

बुवांनी हातातला चिंचोका बाजूला ठेवला.

“आणि तुम्ही त्यांना भलतंच शिकवता. शोभतं का हे तुम्हाला?”

“म्या न्हाई शिकवलं. ‘लांब’ ह्यो शबुद तुझ्या बापानंच हुडकून आणलाय. त्येच्यावरच तर दिवस काढतोय त्यो.”

“मग आत्ता जाऊन त्यांना खरं काय ते सांगतो.”

निरंजन तरातरा आत निघाला. बुवांनी बसल्या जागेवरून काठी उंबऱ्यावर आडवी टाकली.

“काय हा आडमुठेपणा! माझे वडील आहेत ते!”

“व्हय. म्हनूनच.”

काठी हलली नाही. बुवांचे डोळे लाल झाले होते. हा शांत माणूस आपल्यावर संतापला आहे, हे निरंजनला आत्ता कुठे कळलं. पण का, ते कळेना.

तेवढ्यात रस्त्यावर टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला. पुण्याची मीटिंग गाठायची होती. त्या कामासाठीच तर तो भारतात आला होता. मठ वाटेवर पडला, एवढंच.

तो उंबऱ्याबाहेरूनच, सवयीने ओरडला, “येतो, तात्या!”

आत खाट करकरली. मग खोल गेलेला आवाज आला. या वेळी त्यात अहोजाहो नव्हतं.

“ये हं बाळ. जमंल तवा ये. लई लांब हाय... तुझा काय दोष?”

निरंजनच्या हातातला मोबाइल तसाच राहिला.

बुवांनी उंबऱ्यावरची काठी उचलली.

“जा आता,” ते म्हणाले. “सांग त्येला, जवळ हाय म्हनून.”