किलोभर कापूस

“मधमाशीला डोळे किती असतात, भंतेजी?”

“माहीत नाही.”

“पाच! दोन मोठे आणि मध्ये तीन बारके. बरं, तीन हृदयं कुणाला असतात?”

“माहीत नाही.”

“ऑक्टोपसला! आणि असा कोणता ग्रह आहे, जिथं दिवस वर्षापेक्षा मोठा असतो?”

रेवत भंतेंनी झाडू थांबवला. विचार केल्यासारखा चेहरा केला.

“तेही माहीत नाही,” ते म्हणाले आणि पुन्हा अंगण झाडू लागले.

“शुक्र!” उत्पला टाळी वाजवून म्हणाली.

शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. दप्तर विहाराच्या पायरीवर टाकून ती तिथंच बसली होती. सावळीसारख्या आडगावातली ही आठवीतली पोर तालुक्याच्या प्रश्नमंजूषेत पहिली आली होती. सोमवारी शाळेत तिचा सत्कार होता. गटशिक्षणाधिकारी येणार होते. निकाल लागल्यापासून तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. दिसेल त्याला ती प्रश्न विचारायची. किराणावाल्याला विचारला, नर्सबाईंना विचारला, एसटीच्या कंडक्टरला तर तिकीट फाडताना विचारला. उत्तर आलं नाही की ती स्वतःच सांगायची आणि पुढच्या माणसाकडे वळायची.

गावात उरले होते एक भंते.

भंते सत्तरीचे. कुठल्या गावचे, ते कुणाला ठाऊक नव्हतं. आठ वर्षांपूर्वी पावसाळ्यातल्या वर्षावासाला आले आणि राहिले. बोलायचे कमी. लोक म्हणायचे, त्यांना सगळं माहीत आहे. म्हणूनच उत्पला आज ठरवून आली होती... भंतेंना हरवायचं.

आणि भंते तर पहिल्या प्रश्नापासून हरत होते. एकदाही कपाळाला आठी न घालता.

तिला गंमत वाटेना. समोरचा ओशाळला, निदान वैतागला, तर जिंकल्यासारखं वाटतं. हे म्हातारबाबा ‘माहीत नाही’ असं म्हणत होते, जसं कुणी ‘जेवलो बाई’ म्हणावं.

“तुम्हाला काहीच कसं येत नाही?” ती न राहवून म्हणाली.

“खरंच,” भंते म्हणाले. “कसं येत नाही?”

उत्पलानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. भंते चेष्टा करताहेत की काय, तिला कळेना. त्यांच्या तोंडावर चेष्टा नव्हती.

मग तिनं ठेवणीतला प्रश्न काढला.

“हा सोपा आहे. हसायचा आहे. एक किलो लोखंड जड की एक किलो कापूस?”

भंते झाडत राहिले.

“लोक काय म्हणतात?” त्यांनी विचारलं.

“लोक फसतात! लोखंड म्हणतात. सारखंच असतं ना दोन्ही, किलो म्हणजे किलो.” उत्पला हसली. “पण आमच्या बाबांनी तर कमालच केली, भंतेजी. निकाल लागला त्या दिवशी घरी सगळे चहाला आले होते. आत्याचे मालक होते, तलाठी होते. मी सगळ्यांसमोर बाबांना हाच प्रश्न विचारला. काय म्हणाले असतील?”

“काय म्हणाले?”

“कापूस!”

ती पोट धरून हसली. “चुकणारेसुद्धा लोखंड म्हणतात, भंतेजी. चुकायचं ते उत्तरही बाबांचं चुकलं. तलाठ्यांच्या हातातला चहा सांडला. आत्याचे मालक म्हणाले, शालिक, पोरगी तालुक्यात पयली आन तू घरात नापास!”

“आणि तू?”

“मी तर सगळ्यात जास्त हसले.”

झाडूचा आवाज थांबला...

भंतेंनी झाडू भिंतीला टेकवला. ते हसले नव्हते. रागावलेही नव्हते.

“कापूस का म्हणाले?”

“का म्हणजे?”

“तुझे बाबा. कापूस का म्हणाले?”

उत्पलाला प्रश्नच कळला नाही. चुकीच्या उत्तराला ‘का’ कसला? चुकीचं उत्तर चुकीचं असतं. गुण शून्य. पुढचा प्रश्न.

“चुकले म्हणून,” ती म्हणाली.

“असं.”

भंते तिच्यासमोर आले. तिच्याकडे पाठ केली. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि कमरेत वाकले. चिवराखालची म्हातारी पाठ पाटासारखी सपाट झाली.

“ठेव,” ते म्हणाले.

“काय ठेवू?”

“किलोभर कापूस.”

उत्पलानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. सत्तर वर्षांचे भंते एका पोरीसमोर वाकून उभे आहेत, हे कुणी पाहिलं तर काय म्हणेल? तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“भंतेजी, उठा ना. माझ्याजवळ कुठं आहे कापूस?”

“नाही?”

“नाही.”

“मग प्रश्नात कुठून घातलास?”

“पुस्तकातून.”

भंते गुडघ्यांवर भार देत सावकाश सरळ झाले. कंबर धरली. एक लांब श्वास सोडला.

“बरंच जड होतं,” ते म्हणाले आणि झाडू उचलून विहाराच्या मागे निघून गेले.

उत्पला पायरीवर बसून राहिली. काय झालं, तिला उमगेना. तिनं काही ठेवलं नव्हतं, त्यांनी काही उचललं नव्हतं. मग जड काय होतं?

घरी जाताना मात्र तिला एक वेगळीच गोष्ट आठवत राहिली. ती तिनं भंतेंना सांगितली नव्हती. कुणालाच सांगितली नव्हती.

तिचा बाप शालिक जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या गिरणीत, हमाल होता. हंगामात दिवसभर कापसाचे बोरे, मोठाली पोती, वाहायचा. संध्याकाळी घरी आला की न्हाणीच्या दगडावर बसून पायांवर पाणी घ्यायचा आणि तिथूनच हाक मारायचा, “उत्पला, आज काय शिकली वो?” मग ती सांगायची. ढग कसे होतात, रक्त लाल का, लंबवर्तुळ म्हणजे काय. त्याला किती समजायचं कुणास ठाऊक. पण पाय कोरडे झाले तरी तो उठायचा नाही.

त्या चहाच्या दिवसाला तीन आठवडे झाले होते. तीन आठवड्यांत त्यानं एकदाही तसं विचारलं नव्हतं. पाय धुवायचा, उठायचा, भाकर खायचा. आणि परवा तिनं सत्काराचं पत्र दाखवलं, तर हात न लावताच म्हणाला, “तू जाय. तुही माय येईन. मी तिथं येऊन काय करू? मले काय समजते?”

बाबा थकले असतील, असं उत्पलानं मनाशी म्हटलं होतं. आता तिला तेही खात्रीनं म्हणता येईना.

रविवारी दुपारी तिनं आईच्या हातून डबा घेतला.

“आज मी नेईन,” ती म्हणाली. आईनं तिच्याकडे चमकून पाहिलं. एरवी ही पोर जिनिंगचं नाव काढत नसे. तिथं म्हणे कपडे खराब होतात.

जिनिंगच्या फाटकातून आत शिरताच तिला शिंक आली. हवेत कापसाचे बारीक पांढरे तंतू उडत होते. भिंतींवर, तारांवर, बाभळीवर, माणसांच्या भुवयांवर, सगळीकडे पांढरं बसलं होतं. यंत्रांच्या घरघरीत बोललेलं ऐकू येत नव्हतं.

तिनं बाबांना शोधलं. दिसले नाहीत.

मग समोरून एक पांढरा डोंगर चालत आला. खाली फक्त दोन पाय. डोंगर एका बाजूला कलला, थांबला, सावरला, पुन्हा चालू लागला. वाऱ्याची झुळूक आली तसे ते पाय आडवे गेले, दोन पावलं मागे आले. उत्पला बाजूला झाली. त्या पायांच्या अंगठ्याला बांधलेली चिंधी तिच्या ओळखीची होती. काल आईनं तिच्यासमोरच बांधली होती.

बोरा खाली पडला. खालून शालिक निघाला. त्याला खोकला लागला. गुडघ्यांवर हात ठेवून, कमरेत वाकून तो बराच वेळ खोकत राहिला. मग त्याला पोरगी दिसली.

“तू कायले आली?” तो घाबरून म्हणाला. “घरी काही झालं का?”

“नाही. डबा आणला.”

“ठेव मंग तिथं. जाय घरी. धूळ आहे इथं.”

उत्पला गेली नाही. डबा छातीशी धरून उभी राहिली. विहारात, शाळेत ती शुद्ध बोलायची, पण इथं तिच्या तोंडून घरचंच निघालं.

“बाबा, तुमी कापूस काहून म्हटलं?”

शालिकला पटकन समजलं नाही. समजलं तेव्हा त्यानं आजूबाजूला पाहिलं. दोन हमाल पाणी पीत बसले होते.

“जाऊ दे ना वो ते. चुकलं माहं.”

“चुकलं ते मले माहीत आहे. पन काहून म्हटलं?”

तो तिच्याकडे पाहत राहिला... ती हसत नव्हती. तिच्या कपाळावर आठी होती.

शालिक बोऱ्याला टेकून खाली बसला. गळ्यातल्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

“हे पाह्य,” तो हळू म्हणाला, “लोखंड मीनं वाह्यलं आहे. पुलाच्या कामावर दोन वर्सं वाह्यलं. लोखंड इमानदार असते. उचललं का समजते, एवढं आहे म्हणून. खाली ठेवलं का सुटलो. कापूस तसा नाही. हातात घेतला तं काहीच नाही. पन बोरा असा मोठा का म्होरचा मानूस दिसत नाही. हवा आली का घेऊन पडते. सकाऊन दहिवराचं पानी पिऊन बसला का दुप्पट होते. आन खाली ठेवला तरी सुटत नाही.”

“म्हंजे?”

त्यानं छातीवर बोट टेकवलं.

“इथं येते घरी. लोखंड कोनाच्या छातीत गेलं का कधी?”

पाणी पिणाऱ्यांपैकी एकजण “खरं आहे बाप्पा” म्हणाला आणि विडी पेटवायला फाटकाबाहेर गेला.

उत्पलानं डबा उघडला. भाकरी काढून त्याच्या हातावर ठेवली.

शालिकनं घास मोडला, पण खाल्ला नाही. आता त्याच्या कपाळावर आठी आली होती.

“पन तुह्या पुस्तकात सारखंच लिवलं आहे ना?”

“हो.”

“पुस्तकात खोटं नसन. अन काट्यावर घातलं तं सारखंच भरन, तेबी मले माहीत आहे. रोज काट्यावर तं आहो मी.” तो थांबला. “त्या दिवसापासून डोक्यात घोळून राहिलं माह्या. तुले इचारीन म्हटलं, पन तू हासशीन... काटा खोटा बोलते का पाठ?”

उत्पलानं तोंड उघडलं. तालुक्यात पहिल्या आलेल्या पोरीनं पाच सेकंदांत उत्तर द्यायची सवय लावून घेतली होती. पाच सेकंद गेले. यंत्र घरघरत राहिलं.

“मले नाही माहीत, बाबा,” ती म्हणाली.

“नाही?”

“नाही.”

शालिकनं भाकरीचा घास तोंडात टाकला. चावता चावता त्यानं तिच्याकडे पाहिलं. तीन आठवड्यांत तसं पाहिलं नव्हतं.

“तं मंग सराइले इचारून घेजो,” तो म्हणाला. “मलेबी सांगजो.”

सोमवारी सकाळी उत्पला इस्त्रीचा गणवेश घालून विहाराच्या पायरीशी आली, तेव्हा भंते सूर्याकडे तोंड करून बसले होते.

तिनं वंदन केलं. या वेळी दप्तर टाकलं नाही, अंगावरच राहू दिलं. उभ्या उभ्याच तिनं सगळं सांगितलं. चालणारा डोंगर, चिंधी, खोकला. बाबांचं बोलणं तिनं त्यांच्याच शब्दांत सांगितलं, शुद्ध केलं नाही.

भंते ऐकत होते.

“मग मी खोटं शिकले का, भंतेजी?”

“नाही.”

“किलो म्हणजे किलोच ना?”

“किलोच.”

“मग बाबा चुकले?”

“नाही.”

“असं कसं? दोघांपैकी एक तर चुकायलाच पाहिजे!”

भंतेंनी मांडीवरचं चिवर सारखं केलं.

तिला रडू येईल की काय असं झालं. रडण्यासारखं काही घडलं नव्हतं. रात्री तिनं विज्ञानाचं पुस्तक उघडून पाहिलं होतं. वस्तुमान होतं, घनता होती. सगळं तिला पाठ होतं आणि सगळं बरोबर होतं. पण त्या पानांत कुठं बाबांचे ते आडवे गेलेले पाय बसत नव्हते.

“काटा खोटा की पाठ?” तिनं विचारलं. “तुम्ही सांगा. तुम्हाला माहीत आहे. लोक म्हणतात, तुम्हाला सगळं माहीत आहे.”

“मी बोरे वाहिले नाहीत, बाळा. काटाही कधी धरला नाही.”

“मग सरांना विचारू?”

“विचार.”

“सर सांगतील?”

“बघ.”

“आणि त्यांनी नाही सांगितलं तर?”

भंतेंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काय आहे, ते तिला वाचता येईना. दया असावी. कदाचित हेवाही असेल. भंतेंना कशाला कुणाचा हेवा वाटेल?

“उत्पला! चाल वो, घंटा होईन!”

रस्त्यावरून हाक आली. तिनं वळून पाहिलं. आई नव्या लुगड्यात उभी होती. तिच्या शेजारी शालिक होता. धुतलेला पांढरा सदरा, तेल लावून चापून बसवलेले केस. अर्ध्या दिवसाचा खाडा करून आला होता. हात कुठं ठेवावेत, ते त्याला कळत नव्हतं.

उत्पला निघाली. चार पावलं गेली आणि परत आली.

“भंतेजी, तिथं स्टेजवर मला दोन शब्द बोलायचे आहेत. सरांनी लिहून दिलंय, पाठही केलंय. पण डोक्यात दुसरं काही येतच नाही, हेच फिरतंय. मी काय करू या प्रश्नाचं?”

भंते पायरीवर तिला बसायला जागा दिल्यासारखे जरा बाजूला सरकले. मग हातानंच रस्ता दाखवला.

“काहीही कर,” ते म्हणाले. “फक्त इथं ठेवून जाऊ नकोस.”