कापडाखालचा सूर्य

एक होतं रान. तिथे झाडं कमी आणि समित्या जास्त होत्या. रानाचा राजा सिंह बिनविरोध निवडून आला होता. विरोधक त्याने प्रचारातच खाल्ले होते.

रानाची स्वतःची वीज संस्था होती : सावरखोरे ग्रामीण वीज सहकारी संस्था मर्यादित. यातला शेवटचा शब्द वीजपुरवठ्याला तंतोतंत लागू पडे. भट्टीत लाकूड जाळून वीज करायची आणि त्या विजेवर पंप चालवून खालच्या नदीचं पाणी वरच्या डोहात चढवायचं. डोहात तान्हाबाई राहायची. तान्हाबाई म्हणजे पाणमांजर. संस्थेची पंपचालक, तीन पिल्लांची आई.

जाळायला झाडं उरेनात, तेव्हा संस्थेला पर्यावरणाची आठवण झाली.

"यापुढे आपण सूर्यावर चालायचं!" चेअरमन रानडुक्कर सभेत गरजले.

"मंजूर! मंजूर!" सभासद ओरडले. चहा आला होता.

सौर समितीचा अध्यक्ष म्हणून घुबडाला नेमलं. त्याचा सूर्याशी कधी संबंधच आला नव्हता, त्यामुळे तो निःपक्षपाती होता.

चैत्रात सोलर पॅनेल बसले आणि त्याच दिवशी त्यांच्यावर मखमली कापड पडलं. अनावरण महाराजांच्या हस्ते व्हायचं होतं. पहिल्या तारखेला महाराज शिकारीला गेले. दुसऱ्या तारखेला शिकारबंदी सप्ताहाच्या उद्घाटनाला.

इकडे पंप बंद पडून डोह आटला आणि त्यातले मासे आडवे होऊन पोहू लागले. तान्हाबाईने चेअरमनची गुहा गाठली.

"साहेब, तेवढं कापड बाजूला करा. चार दिवसांत नुसता चिखल राहील. पिल्लं कुठे नेऊ?"

"अगं बाई, आपणच कापड काढलं, तर महाराज उघडणार काय?"

"निदान एक कोपरा?"

"कोपऱ्याच्या अनावरणाला कोल्हाही चालेल गं, पण महाराज डूख धरतील. जरा कळ काढ. पिल्लांना म्हणावं, ऐतिहासिक क्षण येतोय."

"त्यांना पोहायचंय, साहेब."

"इतिहासात पोहू दे की!" चेअरमन घुरघुरत हसले आणि कूस बदलून झोपले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तान्हाबाईने कापडाचं टोक दातात धरलं आणि ओढलं. पॅनेलवर ऊन पडलं. पंप दोनदा खाकरला आणि चालू झाला. उतरत्या उन्हाला डोह काठोकाठ! पिल्लांनी अशा उड्या मारल्या की काठावरचा बगळाही भिजला आणि, बगळा असूनही, हसला.

मग पंच आले. घुबडाला उजेडात दिसेना. "कुठे आहे तो सूर्य? आधी त्याला हजर करा!" तो ओरडत राहिला. कोल्ह्याने रीतसर पंचनामा केला. गुन्हा : विनापरवाना ऊन वापरणे. पुरावा म्हणून भरलेल्या डोहाचा, तान्हाबाईचा आणि तिन्ही पिल्लांचा फोटो काढला.

"अहो, पण पाणी तर सगळ्यांनाच मिळालं ना?" तान्हाबाई म्हणाली.

"मिळालं, पण कोणी दिलं?" कोल्हा म्हणाला. "उद्घाटनाआधीचं पाणी संस्था ओळखत नाही."

पुन्हा सभा भरली. ठराव झाले. कापड परत घातलं. बांध फोडून बेकायदा पाणी नदीत सोडलं. तान्हाबाईचं सभासदत्व रद्द झालं. तिने एकेक पिल्लू तोंडात धरलं आणि तीन खेपांत ती कायमची नदीकडे उतरली.

पंधरवड्याने महाराज आले. त्यांना ऊन लागू नये म्हणून पॅनेलवरच मांडव घातला होता. कळ दाबल्यावर पंप चालायला हवा म्हणून मागच्या भट्टीत रानातली शेवटची दोन झाडं पेटवली.

"मित्रांनो," महाराज म्हणाले, "सूर्य पूर्वीही होता. पण त्याच्याकडे दूरदृष्टी नव्हती!"

टाळ्या थांबेपर्यंत पंप चालला.

आता मांडव निघाला आहे, कापडही निघालं आहे. पॅनेलभोवती तीन बाजूंनी महाराजांच्या आभाराचे उंच फ्लेक्स आहेत. त्यांच्या सावलीने वीज होत नाही, पण सूर्य मागे आला की महाराजांच्या आयाळीभोवती तेजाचं वलय दिसतं. सभासद थांबून नमस्कार करतात आणि रिकामी घागर घेऊन पुढे जातात.

फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात काठोकाठ भरलेला डोह आहे, तीन पिल्लं आहेत आणि 'योजनेच्या लाभार्थी' तान्हाबाई आहेत.

फोटो पंचनाम्यातला आहे.