साळिंदराचा फेरपंचनामा

मुलांनो, नदी जिथे जंगलाला वळसा घालते, त्या काठावर एक साळिंदर राहत असे. भुईमूग पिकवावा तर त्यानेच. पण स्वभाव मात्र महासंशयी. पान सळसळले तरी त्याचे काटे ताठ होत. शेजारच्या बाभळीवरची खार सकाळी हसून "बरं आहे ना, दादा?" म्हणाली, तरी हिला आज आपल्याकडून काय हवे असेल, याचा ते दुपारपर्यंत विचार करी.

एका वर्षी नदीला पूर आला आणि काठावरची शेते गाळाखाली गेली. साळिंदराने बिळात जपलेले बियाणेही कुजून गेले. वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना ढेकूळ अशी पेरणीजोगी झाली, की हातात बी हवेच. नाहीतर वर्षभर पोटाला चिमटा. सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली, "ज्याचे बियाणे बुडाले, त्याला राजकोठारातून टोपलीभर बियाणे मिळेल." पंचनाम्याचे काम कोल्ह्याकडे आले. त्याने शेतोशेती फिरून गाळात काठी खुपसली आणि सगळ्यांना कोठारापाशी बोलावले.

रांगेत सर्वांत पुढे खार उभी होती. तिला पाहताच साळिंदराचे काटे उभे राहिले. "ही तर झाडावर राहते! पुराचं पाणी काय फांदीवर चढलं होतं?"

"अहो दादा, मी झोपते झाडावर, पण बी जमिनीत पुरते," खार म्हणाली. "दर वर्षी तुमच्या डोळ्यांदेखत तर पुरते."

"सगळी सोंगं आहेत! हिची चौकशी झाल्याशिवाय एक दाणा वाटू नका."

पंचनामा कोल्ह्याने केलेला, तेव्हा राग त्याला यायला हवा होता. पण तो खूश दिसला. संशय घ्यायचा तर इथे घ्यायचा होता. पण साळिंदराचा सगळा संशय खारीवरच खर्च झाला होता. "अगदी बरोबर!" कोल्हा म्हणाला. "तक्रार आली की फेरपंचनामा झालाच पाहिजे. तोवर वाटप बंद. आणि शेतातला गाळ कोणी हलवायचा नाही बरं का, नुकसान जसंच्या तसं दिसलं पाहिजे."

साळिंदर समाधानाने घरी गेले. खार कुठून तरी कुजके बी आणून पुरेल, म्हणून ते बाभळीखालीच ठाण मांडून बसले. वाफसा आला. गाळ हलवायची बंदी, हातात बी नाही, त्यामुळे सगळे नुसते बघत राहिले. ऊन तापले, माती कडक झाली, तेव्हा कुठे कोल्हा उगवला. त्याने बाभळीखाली उकरले, तर कुजलेल्या बियांचा ढीगच निघाला. "खार खरी ठरली. चला, आता वाटप!"

सगळे कोठाराकडे धावले. दार उघडले, तर आत नुसती टरफले.

"बियाणं कुठे गेलं?" साळिंदर ओरडले.

"असं काय करता?" कोल्हा मिशा पुसत म्हणाला. "चौकशी इतकी लांबली, तोवर कोठार कोणी राखायचं? माझ्या भाऊबंदांना बसवावं लागलं. राखणदारांनी काय उपाशी बसायचं? तुमच्याच तक्रारीपायी झालं हे सगळं."

साळिंदराचे काटे पहिल्यांदाच मिटले. त्याला स्वतःची फार लाज वाटली. खाली मान घालून ते परतले, तर खार कडक झालेल्या मातीत एखादे धड बी सापडते का ते शोधत होती. ती वर न बघताच म्हणाली, "दादा, इतके दिवस माझ्यावर नजर ठेवलीत. त्यातला एक दिवस कोठाराच्या दाराशी बसला असतात तर?"

तात्पर्य : शेजाऱ्याच्या पदरात काय पडते यावरच जो डोळा ठेवतो, त्याला वाटणाऱ्याचा हात दिसत नाही.