हैबती पैलवानाची पाठ

भाविकहो, वारणेच्या काठी पाणसरवाडी नावाचे एक लहानसे गाव आहे. त्या गावात मारुतीच्या देवळापुढे एक जुने दगडी उखळ पालथे पडलेले होते, आणि त्या उखळावर सदोबा महाराजांनी आपले आसन मांडले होते. महाराज कुठून आले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. अंगावर घोंगडे आणि हातात फुटाण्यांची पुरचुंडी, एवढाच त्यांचा संसार. तोंडात दात म्हणावे तर पुढचे दोन, तरी महाराजांना फुटाण्यांची भारी आवड. फुटाणा तोंडात टाकायचा आणि तो मऊ होईपर्यंत गप्प बसायचे, असा त्यांचा शिरस्ता. प्रश्न घेऊन आलेल्याला तोवर ताटकळावे लागे. पुष्कळांना फुटाणा मऊ होता होताच आपले उत्तर आपोआप सापडे, आणि ते नमस्कार करून निघून जात. ज्यांना सापडत नसे, त्यांच्यातल्या एकाची ही गोष्ट.

त्याचे नाव हैबती जगदाळे. वारणाकाठची मानाची गदा सतरा वर्षे त्याच्या घरातून हलली नव्हती. सतरा वर्षांत त्याची पाठ एकदाही मातीला लागली नव्हती, आणि ही गोष्ट तो भेटेल त्याला सांगे. पण पंचेचाळिशी कधीच उलटली होती. बसल्या जागेवरून उठताना त्याचे गुडघे असे वाजत, की चुलीपाशी झोपलेले मांजर कान टवकारी. उठताना त्याचा हात खांबाकडे जाई. कोणी बघितलेच तर हैबती खांबावर दोन थापा मारी आणि म्हणे, "बघत होतो, वाळवी लागलीया का." घरातला एकही खांब त्याने तपासायचा ठेवला नव्हता.

बायकोपासून काय लपणार? सगुणाबाई रोज त्याचे गुडघे तेलाने चोळून देत. जत्रा आठ दिवसांवर आली, तशी त्या त्याला घेऊन महाराजांकडे आल्या. घरून निघताना देवदर्शन म्हणाल्या होत्या. आल्यावर त्यांनी सरळ पदर पसरला.

"महाराज, ह्यांनला आता थांबा म्हनून सांगा. माझं आयकत न्हाईत."

महाराजांनी नुकताच फुटाणा तोंडात टाकलेला. हैबती चुळबुळ करू लागला. शेवटी त्याच्याने राहवेना.

"महाराज, आंगात जोर हाय तवर कशाला थांबायचं? आनि जोर काय फुटाण्यानं येत न्हाई. दूध-बदाम रिचवाय लागत्यात."

महाराजांचा फुटाणा मऊ झाला. ते म्हणाले, "जोर फुटाण्यानं येतो का न्हाई, ते घोड्याला इचार."

भोवतालचे लोक हसले. हैबतीला ते झोंबले. तेवढ्यात मुकुंदा शिंपी काखेत गुंडाळी मारून आला. मुकुंदा म्हणजे हाडांवर सदरा घातलेला माणूस. पावसाळ्यात वारा सुटला की तो भिंतीच्या कडेकडेने चाले. दर वर्षी जत्रेच्या आधी पैलवानाचा नवा लाल लंगोट तो शिवून आणी. तो लंगोट आधी महाराजांच्या पायावर ठेवी, डोके टेकून काहीतरी पुटपुटे आणि मग पैलवानाच्या हाती देई. त्या दिवशीही त्याने तेच केले.

हैबतीने लंगोट ताणून बघितला. "ह्या साली बी वाढीवलास व्हय रं?"

"दोन बोटं," मुकुंदा खाली बघत म्हणाला.

"तुझी टेप आटली आसंल उन्हानं."

"आसंल, आण्णा."

"आनि दर वक्ताला महाराजांच्या पायावर पडून मागतोस काय? सुईत दोरा घालाय जोर मागतोस?" हैबती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "ह्या खुळ्याला कुणी तरी सांगा, माझी कुस्ती मनगटावर चालती. पायावर पडून न्हवं."

मुकुंदा नुसता हसला. सगुणाबाईंना मेल्याहून मेल्यासारखे झाले. महाराजांनी मात्र हैबतीच्या गुडघ्यांकडे बघितले आणि म्हणाले, "थांबवनारा येईल, बाळ. हात पुढं केला त्यानं, तर झिडकारू नगंस."

"मला थांबवनारा आजून जलमाला यायचाय," म्हणून हैबती उठला. जवळ खांब नव्हता, म्हणून बायकोच्या खांद्यावर थाप मारून उठला.

आता पाणसरवाडीच्या मैदानाचा रिवाज सांगायला हवा, कारण सारे घोडे तिथेच अडले. चैत्रात मारुतीची जत्रा भरते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कुस्त्या होतात. मानाची कुस्ती सगळ्यांत शेवटी. गदावाला पैलवान उजवा हात वर करून तांबड्या मातीच्या हौद्याभोवती तीन फेऱ्या मारतो. ज्याला लढायचे आहे, त्याने त्या हाताला हात लावायचा. हात लागला की हलगी वाजते आणि जोड ठरते. मग माघार नाही, कारण साक्षीला प्रत्यक्ष मारुती असतो. तीन फेऱ्यांत कोणी हात लावला नाही, तर गदा आहे तिथेच राहते. आणि जो जिंकतो त्याला खांद्यावर घेऊन हौद्याला फेरी मारतात, तेव्हा हलगी वेगळ्या, नाचऱ्या चालीवर वाजते.

गेली सहा वर्षे हैबतीच्या हाताला कोणी हात लावला नव्हता. त्याला वाटे, पोरे भितात. खरे म्हणजे तालमीतल्या तरण्या पोरांना त्याला पाडायचे जिवावर येई. ज्याच्याकडे बघून दंड काढायला शिकलो, त्याची पाठ आपण लावायची कशी, म्हणून ती पोरे तीन फेऱ्या होईपर्यंत उगाच फेट्याचे शेव बांधत बसत.

जत्रेचा दिवस आला. माणसे झाडांवर चढून बसली होती. महाराजांना कोणीतरी उखळासकट उचलून हौद्याच्या कडेला आणून बसवले होते. पंचाच्या जागी इमाम वस्ताद उभे होते. हैबतीला त्यांनीच घडवलेले. हैबती नवा लंगोट नेसून, अंगाला माती चोळून आला आणि हात वर करून चालू लागला.

पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसरी निम्मी सरली आणि महाराजांच्या समोरच हैबतीच्या डाव्या गुडघ्याने दगा दिला. कट्कन आवाज झाला आणि तो पुढे कलला. चार हजार माणसांसमोर, सतरा वर्षांचा अजिंक्य पैलवान, चालता चालता तोंडावर पडणार! पण महाराजांच्या पाठीशी फुटाण्यांची पुरचुंडी धरून मुकुंदा उभा होता. त्याने पुरचुंडी टाकली, झेप घेतली आणि पैलवानाचा वर गेलेला हात धरून त्याला सावरले.

हात धरला! हलगीवाल्याला दुसरे काय कळणार? त्याने टिपरी हाणली. जोड ठरली होती.

क्षणभर कोणाला काही उमजले नाही. मग झाडांवरून हसू सुरू झाले ते खालपर्यंत आले. इमाम वस्ताद पळत आले.

"मुकुंदा, लेका, हे काय केलंस? कुस्ती मागितलीस?"

पैलवान ठेचकाळला, म्हणून मी धरले, एवढे मुकुंदाने म्हटले असते तर तो सुटला असता. त्याने हैबतीकडे बघितले. हैबतीनेही त्याच्याकडे बघितले. त्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांत इतकी भीती मुकुंदाने कधी पाहिली नव्हती. ही गोष्ट त्याने बोलू नये, एवढेच ते डोळे विनवत होते.

"व्हय वस्ताद," मुकुंदा म्हणाला, "मागितली."

वस्तादांनी डोक्याला हात लावला. "महाराज, आता तुमीच काय ते सांगा. ह्यो मरंल."

महाराजांच्या तोंडात फुटाणा होता. सगळे मैदान तो मऊ होण्याची वाट बघत उभे राहिले. झाडावरचा एक जण घाईने म्हणाला, "चावा की महाराज!" आणि बाकीच्यांनी त्याला गप्प केले. अखेर महाराज म्हणाले, "हात लागला न्हवं? मग उतरा दोघं. मारुती बघतोय."

मुकुंदाने सदरा काढला, धोतराचा काचा मारला आणि महाराजांच्या पायावर डोके ठेवले. तो पुन्हा तेच काहीसे पुटपुटला. महाराजांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

हौद्यात उतरताना हैबतीच्या मनात नाना विचार चालले होते. शिंप्याला पाडून काय मोठेपणा? पण हा माणूस आपल्या अब्रूसाठी उतरला आहे, हेही त्याला कळत होते. लहान लेकराला पाळण्यात ठेवावे तसे ह्याला अलगद मातीवर ठेवू आणि मोकळे होऊ, असे त्याने ठरवले. सलामी झाली. मुकुंदाने शड्डू ठोकला, पण त्याचा आवाज त्याचा त्यालाही आला नसावा.

हैबतीने त्याच्या कमरेला विळखा घातला आणि उचलला. मुकुंदा हलला नाही.

लोक हसले. पैलवान मजा करतोय, असे त्यांना वाटले. हैबतीने पाय रोवले, दम भरला आणि पुन्हा उचलला. देवळाच्या पायरीला मिठी मारल्यासारखे झाले. "आरं, वजन किती केलंस?" त्याने कानाशी विचारले.

"मी न्हाई काय केलं, आण्णा," मुकुंदा कळवळून म्हणाला. "मला उचला की लवकर. सगळी बघाय लागल्यात."

तिसऱ्यांदा हैबतीने सतरा वर्षांचा सगळा जोर लावला. मुकुंदा जागचा हलला नाही, पण हैबतीच्या कमरेत उसण भरली. डोळ्यांपुढे काजवे चमकले, विळखा सुटला, डावा गुडघा दुमडला आणि तो उताणा चालला. त्याला वर आभाळ दिसले. आजवर त्याने दुसऱ्यांना दाखवले होते, स्वतः कधी बघितले नव्हते. संपले, तो मनात म्हणाला. शिंप्यानं पाडला म्हणतील. जल्मभर म्हणतील. दंड, बैठका, बदाम, काहीच आठवेना. जन्मात पहिल्यांदा त्याने कोणालातरी मनापासून हाक मारली. "महाराज!"

मातीपासून चार बोटे वर त्याची पाठ थांबली.

कोणीतरी खालून हात घातला होता. आणि त्याच्या नाकाला वास आला, तो मातीचा नव्हता, घामाचा नव्हता. तो भाजलेल्या फुटाण्यांचा खमंग वास होता. दुसऱ्या क्षणी तो वर उचलला गेला. डोळे उघडून बघतो तो, आपण मुकुंदा शिंप्याच्या खांद्यावर बसलो आहोत, दोन्ही पाय त्याच्या छातीवर लोंबत आहेत आणि मुकुंदा हौद्याभोवती तुरूतुरू चालला आहे.

हलगीवाल्याने खांद्यावर पैलवान बघितला, की त्याचे हात आपोआप चालत. त्याने नाचरी चाल धरली. पोरांनी फेटे उडवले, गुलाल उधळला. जिंकले कोण, हे विचारायची शुद्ध कोणाला राहिली नाही. खांद्यावर असतो तो जिंकलेला, एवढेच मैदानाला ठाऊक.

"मुकुंदा, जड न्हाई व्हय रं मी?" हैबतीने वरून विचारले.

"कापडाची घडी घेतल्यावानी वाटतंय, आण्णा," मुकुंदा खालून म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. "मला बी काय समजंना."

फेरी पुरी करून मुकुंदाने त्याला महाराजांपुढे उतरवले. हैबतीची नजर महाराजांकडे गेली आणि तिथेच खिळली. महाराज उखळावरून तसूभर हलले नव्हते, याला चार हजार माणसे साक्षीला होती. पण त्यांच्या घोंगड्यावर, दोन्ही खांद्यांवर, तांबड्या मातीचे दोन ओले पट्टे उमटले होते. अंगभर माती चोळलेला माणूस खांद्यावर बसला म्हणजे उमटतात तसे. आणि मुकुंदाच्या उघड्या खांद्यांवर मातीचा कणही नव्हता.

महाराज घोंगडे न झटकता म्हणाले, "हैबती, ह्यो शिंपी माझ्या पायावर लंगोट ठेवून काय मागतो, ते तुला कळून घ्यायचं हुतं न्हवं? सतरा वर्सं एकच मागतोय. पैलवानाची पाठ मातीला लागू देऊ नका. आज हौद्यात उतरताना बी त्यानं सोतासाठी काय मागितलं न्हाई. हेच मागितलं."

ज्या मनगटाच्या गर्वावर हैबतीने सतरा वर्षे काढली, ते मनगट त्याने डोळ्यांवरून फिरवले. मग त्याने इमाम वस्तादांना हाक मारली.

"वस्ताद, तालमीतली खुटी रिकामी हाय का?"

थांबलेल्या पैलवानाने आपला लंगोट तालमीतल्या मारुतीपुढच्या खुंटीला टांगायचा असतो. "सा वर्सं रिकामी ठिवलीया, बाबा," वस्ताद म्हणाले. "तूच येत न्हवतास."

सगुणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. हैबतीने आधी मुकुंदाचे पाय धरले. मुकुंदा संकोचून मागे सरू लागला, पण पैलवानाची पकड ती, सुटते कशी? मग त्याने महाराजांच्या पायावर साष्टांग दंडवत घातले आणि पोटभर रडून घेतले.

रडणे झाले. आता उठायचे. गुडघा वाजला आणि निम्म्यावर अडकला. सवयीने हैबतीचा हात खांब शोधू लागला. हौद्याच्या कडेला खांब कुठला? त्याने मान वर केली. चार हजार माणसे बघत होती.

"मुकुंदा," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "गुडघ्याचं काय खरं न्हाई बाबा. जरा हात दे."

मुकुंदाने हात पुढे केला. हैबतीने तो घट्ट धरला. हलगीवाल्याने सवयीने टिपरी उचललीच होती, पण इमाम वस्तादांनी त्याचे मनगट वरच्या वर पकडले. आणि सदोबा महाराजांनी पायाशी पडलेली पुरचुंडी उचलून प्रसन्न मनाने नवा फुटाणा तोंडात टाकला.