भेगेवरची सही

पोळा होऊन आठवडा झाला होता. कौतिकाबाई ओट्यावर तूरडाळ निवडत बसल्या होत्या, तेव्हा धरण खात्याचं पत्र आलं. धरणग्रस्तांच्या वसाहतीतल्या त्यांच्या घराचा पाया दुरुस्त करावा म्हणून नवऱ्यानं पाच अर्ज केले होते. उत्तर आलं ते तो गेल्यावर: 'भेग गिलाव्याची आहे. दुरुस्ती नामंजूर.'

घर काळ्या मातीवर उभं आहे आणि पाया खालच्या मुरुमापर्यंत नेलेलाच नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. कौतिकाबाई कावल्या. पत्रावर शेरा मारणारे खात्याचे बोरगावकर इंजिनिअर पुढच्या फेरीला आले, तेव्हा त्यांना त्यांनी भिंतीपाशीच गाठलं.

"साहेब, ही भिंत एक दिवस अंगावर येईल माझ्या."

"बाई, घर तसूभर हलायचं नाही. लिहून देतो."

"कागद लई झाले. इथंच करा सही, भेगेवर."

साहेबांनी हसत मार्कर काढला आणि भेगेच्या आरपार लफ्फेदार सही ठोकली.

पावसात फुगलेली माती उन्हात आक्रसली. चैत्रात मोठे साहेब बोरगावकरांना घेऊन वसाहत बघायला आले. कौतिकाबाईंनी त्यांना भिंत दाखवली. बोरगावकरांचं अर्धं नाव जागेवर होतं, अर्धं दोन बोटं खाली उतरलं होतं.

"ही माझी सही नाही!" बोरगावकर उसळले. "माझी सही सरळ असते."

"सरळच होती की. आता तुम्हीच सांगा साहेब, तुमचा हात हलला होता का माझं घर?"

मोठ्या साहेबांनी हसू दाबत तिथल्या तिथं मंजुरी दिली.

पाया मुरुमापर्यंत गेला. नवऱ्याच्या अर्जांची पिशवी मात्र खुंटीवरून काढायची अजून राहिली आहे.